वय हाच पुरावा : नूडसन यांचा दोन आघातांचा सिद्धांत

आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ साली कर्करोगाच्या उगमाबद्दल जो सिद्धांत मांडला, त्यासाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकही नवी पेशी पाहिली नाही. त्यांच्यापुढे होते ते ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या, डोळ्याचा कर्करोग झालेल्या ४८ मुलांचे केसपेपर, १९४४ ते १९६९ या काळातले. त्या कागदांवरून त्यांनी घेतलेली माहिती कुठल्याही दवाखान्याच्या रजिस्टरात सापडेल अशीच होती : निदान झाले तेव्हा मूल किती महिन्यांचे होते, गाठ एका डोळ्यात होती की दोन्ही, घरात आधी हा आजार कुणाला झाला होता का. एवढ्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की डोळ्याचा हा कर्करोग व्हायला पेशीत दोन स्वतंत्र आनुवंशिक बिघाड व्हावे लागतात, दोनच आणि दोन्ही. ज्या जनुकाबद्दल ते बोलत होते ते हाती लागायला आणखी पंधरा वर्षे जायची होती.

या निष्कर्षाचे महत्त्व साधारणपणे जनुकाच्या बाजूने सांगितले जाते : पुढे जनुक सापडले, भाकीत खरे ठरले, पारितोषिके मिळाली. मला त्याची पद्धत जास्त मोलाची वाटते. रुग्णाचे वय ही रोगाच्या यंत्रणेची साक्ष असते. कोणता कर्करोग कोणत्या वयात किती वेगाने वाढतो, यावरून तो किती टप्प्यांनी झाला हे ओळखता येते. नूडसन यांच्या आधी हा विचार झाला होता आणि नंतर तो दुरुस्तही झाला. पण त्याचे सर्वांत स्वच्छ रूप त्या ४८ मुलांच्या आलेखात आहे.

कर्करोग म्हाताऱ्यांना जास्त होतो हे सगळ्यांनाच ठाऊक असते. किती जास्त, हा प्रश्न १९५० च्या दशकात नीट विचारला गेला. पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी इंग्लंड-वेल्समधल्या मृत्युनोंदी घेऊन १९५४ साली दाखवले, की जठर, मोठे आतडे अशा अनेक अवयवांच्या कर्करोगाचा मृत्युदर वयाच्या साधारण सहाव्या घाताने चढतो. म्हणजे वय दुप्पट झाले तर धोका दुप्पट होत नाही, साठेक पटींनी वाढतो. हा सहा कुठून आला? समजा एखाद्या पेशीचा कर्करोग व्हायला सात बदल लागतात. आज गाठ सुरू झाली असेल, तर सातवा बदल आज झाला आणि आधीचे सहा आजवरच्या आयुष्यात कधीतरी होऊन गेलेले होते. त्या सहांपैकी प्रत्येकाची शक्यता जगलेल्या वर्षांच्या प्रमाणात वाढते. सहा शक्यतांचा गुणाकार केला की वयाचा सहावा घात येतो. गणित शाळकरी आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मोठा होता : कर्करोग एका दिवसात ‘होत’ नाही, तो पेशीच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो.

डॉल यांच्याच धूम्रपानावरच्या कामातून या कल्पनेला वेगळ्या बाजूने आधार मिळाला. सिगारेट सोडणाऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कधीच न ओढणाऱ्याइतका खाली येत नाही. तो सोडतानाच्या पातळीच्या आसपास रेंगाळतो, तर ओढत राहणाऱ्याचा चढतच जातो. झालेले बदल पुसले जात नाहीत, पुढचे टळतात. ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला देण्यासारखे याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

या सिद्धांतापुढे एक अडचण मात्र उघड होती. सहा-सात बदल साठायला दशके लागत असतील, तर दीड वर्षाच्या मुलाला कर्करोग कसा होतो?

रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग. पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला तो होतो, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. पुष्कळदा तो आधी आई-वडिलांच्याच लक्षात येतो : फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत लाल ठिपका असतो आणि दुसरीत पांढरी चमक. काही मुलांना तो एकाच डोळ्यात होतो, काहींना दोन्ही डोळ्यांत. दोन्ही डोळ्यांचा असेल तर तो पुढच्या पिढीत उतरतो, साधारण निम्म्या मुलांमध्ये. एका डोळ्याचा असेल तर सहसा उतरत नाही, पण कधी कधी उतरतोही. शिवाय काही घराण्यांत आजोबांना होता, नातवाला आहे, मधला बाप मात्र ठणठणीत, असेही दिसते. नेत्रतज्ज्ञांना ही सगळी निरीक्षणे ठाऊक होती. ती एका सूत्रात बसत नव्हती.

नूडसन मूळचे बालरोगतज्ज्ञ. वैद्यकाची पदवी कोलंबिया विद्यापीठाची, पुढे कॅलटेकमधून पीएच.डी. मुलांच्या कर्करोगात त्यांना रस होता तो नेमका या विसंगतीमुळे. मुलाकडे आयुष्याची वर्षेच कमी, म्हणजे टप्पेही कमी असणार. मग थोडके टप्पे मोजायला मुलांचा आजारच सोयीचा.

त्यांनी काढलेला आलेख असा. आडव्या अक्षावर वय, महिन्यांत. उभ्या अक्षावर त्या वयापर्यंत निदान न झालेल्यांचे प्रमाण, पण लॉगॅरिथमच्या मापाने. दोन्ही डोळ्यांची २३ मुले वेगळी काढली, एका डोळ्याची २५ वेगळी. पहिल्या गटाचे बिंदू एका सरळ रेषेत खाली उतरले. दुसऱ्या गटाचे उतरलेच नाहीत, निदान सुरुवातीला तरी नाहीत : आधी जवळजवळ आडवे गेले, मग हळूहळू वाकले आणि मग वेगाने घसरले.

सरळ रेषेचा अर्थ भौतिकशास्त्र शिकलेल्याला लगेच कळतो. किरणोत्सर्गी पदार्थाचा ऱ्हास अशाच रेषेत होतो. दर महिन्याला उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा कमी होतो. आधी किती काळ गेला याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणजे या मुलांमध्ये फक्त एक घटना व्हायची बाकी होती, आणि ती निव्वळ योगायोगाने कधीही होऊ शकत होती. वाकलेल्या रेषेचा अर्थ वेगळा. सुरुवातीला जवळजवळ काहीच घडत नाही, कारण दुसरी घटना कर्करोगाच्या कामाची ठरायला आधी कुठल्यातरी पेशीत पहिली होऊन जावी लागते. जसजसा काळ जातो तसतशा पहिला आघात झालेल्या पेशी वाढतात, आणि धोका वाढत जातो. म्हणून नूडसन म्हणाले : दोन्ही गटांना लागतात दोनच आघात. दोन्ही डोळ्यांच्या मुलांना त्यांतला एक गर्भधारणेच्या वेळीच मिळालेला असतो, शरीरातल्या प्रत्येक पेशीत. एका डोळ्याच्या बहुतेक मुलांमध्ये दोन्ही आघात जन्मानंतर किंवा गर्भात, दृष्टिपटलाच्या एकाच पेशीत, लागोपाठ व्हावे लागतात.

केवळ आलेखावर हे उभे असते तर मी त्याला फारसा भाव दिला नसता. ४८ ही संख्या लहान आहे, आणि वाकड्या रेषेला जुळणारी सूत्रे एकापेक्षा जास्त असतात. एका डोळ्याच्या त्या २५ मुलांत आनुवंशिक रोगाची काही मुले मिसळलेली असणार, हेही उघड होते. बळ आहे ते त्याच निबंधातल्या दुसऱ्या हिशेबात. आनुवंशिक दोष घेऊन आलेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात, असे नूडसन यांनी मांडले. गाठ होणे हा योगायोग असेल, तर ‘सरासरी तीन’ म्हणजे प्रत्येकाला तीन नव्हेत; कुणाला पाच, कुणाला एक, कुणाला एकही नाही. पॉयसाँच्या वितरणाने हे मोजता येते. सरासरी तीन असताना एकही गाठ न होण्याची शक्यता येते पाच टक्के. आता तीन गाठी दोन डोळ्यांत वाटल्या, तर एका डोळ्याची सरासरी दीड. एखादा डोळा पूर्ण सुटण्याची शक्यता बावीस टक्के. त्यावरून दोन्ही डोळे बाधित होणारी मुले सुमारे साठ टक्के, एकच डोळा बाधित होणारी पस्तीस टक्के, पूर्ण निरोगी पाच टक्के.

हे हातानेच करून पाहण्यासारखे गणित आहे. दोष असूनही ठणठणीत राहिलेला तो मधला बाप या पाच टक्क्यांतला. एका डोळ्याचा असूनही पुढच्या पिढीत उतरणारा रोग त्या पस्तीस टक्क्यांतला. एकाच डोळ्यात तीन-चार वेगवेगळ्या गाठी सापडतात, तेही यातूनच येते. ज्या निरीक्षणांसाठी एरवी चार निरनिराळी स्पष्टीकरणे लागली असती, ती सगळी ‘तीन’ या एका आकड्यातून बाहेर पडतात, आणि घराण्यांच्या प्रसिद्ध नोंदींतल्या प्रमाणांशी जुळतात. सिद्धांताचे सौंदर्य म्हणतात ते हेच असावे.

यात एक विरोधाभास दडलेला आहे. घराण्याच्या वंशवृक्षात पाहिले तर हा रोग प्रभावी गुणासारखा वागतो : आई किंवा वडील, एकाकडून दोष आला की पुरे. पेशीत पाहिले तर तो अप्रभावी आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असेपर्यंत पेशीला काही होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? दाराला दोन कड्या आहेत असे समजू. आनुवंशिक दोषाच्या मुलात लाखो दारे आहेत आणि प्रत्येकाची एक कडी आधीच निघालेली आहे. एखाद्या विशिष्ट दाराची उरलेली कडी निघण्याची शक्यता अगदी क्षुल्लक. पण लाखो दारांतले एक तरी उघडेल, याची शक्यता पंचाण्णव टक्के. म्हणजे पिढीतून पिढीत उतरतो तो रोग नव्हे, केवळ संभाव्यता. कुटुंबात रोग शंभर टक्के नियमाने उतरत नाही म्हणून ‘आनुवंशिक नसेल’ असे समजणाऱ्या कितीतरी घरांना हे समजावून सांगण्याची गरज आजही पडते. उलटही खरे आहे. दोन्ही डोळ्यांचा रोग असलेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. दोष आई-वडिलांच्या बीजपेशीत, पुष्कळदा बापाच्या शुक्रपेशीत, नव्यानेच झालेला असतो. त्यात कुणाच्या कर्माचा किंवा ग्रहणात चाकू धरल्याचा संबंध नसतो.

दुसरा आघात नेमका कशावर होतो, हे १९७१ च्या निबंधात स्पष्ट म्हटलेले नव्हते. तो त्याच जनुकाच्या दुसऱ्या प्रतीवर होतो, असे डेव्हिड कमिंग्ज यांनी १९७३ साली सुचवले, आणि नूडसनही त्याच दिशेने गेले. त्या दशकातला मुख्य प्रवाह दुसरीकडे वाहत होता. कोंबड्यांत गाठी करणाऱ्या विषाणूचे सार्क जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतले आहे, हे बिशप आणि वार्मस यांनी १९७६ साली दाखवले. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातल्या रास जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. कर्करोग म्हणजे पेशीला काहीतरी जास्तीचे, उन्मत्त मिळणे, अशी प्रतिमा तयार झाली. नूडसन यांचा हिशेब सांगत होता की काहीतरी हरवणेही तेवढेच निर्णायक असते. ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस यांनी १९६९ मध्येच कर्करोगाच्या पेशीचा निरोगी पेशीशी संकर केला की तिची मस्ती उतरते हे दाखवले होते, पण या दोन धाग्यांची गाठ पडायला वेळ लागला.

ती पडली १९८३ साली. काही मुलांमध्ये तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गायब असतो हे तोवर कळले होते. वेब्स्टर कॅव्हनी आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाचे रक्त आणि त्याच्या गाठीची पेशी घेऊन तेराव्या गुणसूत्रावरच्या खुणा ताडून पाहिल्या. रक्तात आईची खूण वेगळी, वडिलांची वेगळी, दोन्ही हजर. गाठीत मात्र एकच उरलेली. पेशीने विभाजनाच्या गडबडीत निरोगी गुणसूत्र किंवा त्याचा भाग गमावलेला होता, आणि कित्येकदा सदोष गुणसूत्राचीच दुसरी प्रत करून जागा भरलेली होती. आनुवंशिक रोगाच्या मुलांत मागे उरलेले गुणसूत्र बाधित पालकाकडूनच आलेले असते, हेही त्यांनी पुढे दाखवले. ‘आघात’ म्हणजे जनुकात एखादे अक्षर चुकणे एवढेच नव्हे. अख्खे पानच फाटू शकते, आणि ते अक्षर चुकण्यापेक्षा सहज घडते. १९८६ साली स्टीफन फ्रेंड, रॉबर्ट वाइनबर्ग आणि थॅडियस ड्रायजा यांच्या गटांनी जनुकच वेगळे काढले. त्याला आरबी-१ म्हणतात.

हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते पेशीला विभाजनात उतरण्यापासून अडवून धरते. ई-टू-एफ नावाच्या प्रथिनांना ते पकडून ठेवते. पेशीला दुप्पट होण्याची योग्य सूचना मिळाली की काही विकरे आरबीवर फॉस्फेट चिकटवतात, पकड सुटते आणि डीएनएची नक्कल सुरू होते. दोन्ही प्रती गेल्या की पकडणारे कुणीच नाही. हे दृष्टिपटलापुरते असते तर गोष्ट दुर्मीळ आजाराचीच राहिली असती. पण अशा मुलांना मोठेपणी हाडाचा कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो, कारण पहिला आघात सगळ्या अंगभर आहे. आणि लहानपणी डोळ्याला बाहेरून किरण दिले असतील तर त्या भागात दुसरी गाठ होण्याचा धोका आणखी वाढतो. किरणांचे काम डीएनए तोडणे आणि इथे प्रत्येक पेशीला एकच आघात हवा आहे, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य काही नाही. आनुवंशिक रोगात डॉक्टर बाह्य किरणोपचार शक्यतो टाळू लागले ते याच कारणाने.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर आरबीच्या दोन्ही प्रती सहसा शाबूत असतात. तिथे एचपीव्ही हा विषाणू ई-सेव्हन नावाचे प्रथिन बनवतो आणि ते आरबीला जाऊन चिकटते, निकामी करते. १९८९ च्या सुमारास हे उलगडले. जनुकाला धक्का न लावता त्याचे कामच बंद पाडायचे. दोन आघातांचे काम विषाणू एका दमात करतो, तर मग संसर्ग झालेल्या प्रत्येक बाईला वर्षभरात कर्करोग का होत नाही? कारण हे दोन आघात म्हणजे सुरुवात. बहुतेक संसर्ग शरीर आपणच निपटते. जो टिकतो त्यालाही कर्करोगापर्यंत पोचायला साधारण दहा-वीस वर्षे लागतात, बाकीचे बदल साठेपर्यंत.

या दहा-वीस वर्षांचा उपयोग कसा करता येतो, हे महाराष्ट्रातच दिसले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गावांचे ५२ गट करून तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात होते. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पेशींची, काहींत ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली, आणि उरलेल्यांत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनंतर, आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. पण एकदाच केलेली तपासणी एवढा फरक करू शकते, याचे कारण शोधायला गेले तर आपण पुन्हा टप्प्यांपाशीच येतो. रोग एका उडीत होत असता, तर दशकातून एकदा डोकावून काहीही हाती लागले नसते.

टप्पे प्रत्यक्ष मोजण्याचे काम मोठ्या आतड्यात झाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले बर्ट व्होगेलस्टाइन हे आधी गणिताचे विद्यार्थी, मग बालरोगतज्ज्ञ. आतडे निवडण्यामागे त्यांची व्यावहारिक हुशारी होती : तिथे लहान पॉलिप, मोठा पॉलिप, कर्करोग अशा सगळ्या अवस्थांच्या गाठी शस्त्रक्रियेत हाती येतात, त्यामुळे रोगाचा इतिहास एकाच अवयवात मांडून ठेवल्यासारखा मिळतो. १९८८ साली त्यांच्या गटाने १७२ गाठी तपासून दाखवले, की लहान पॉलिपमध्ये बदल थोडे, मोठ्यात जास्त, कर्करोगात सर्वाधिक. पुढे क्रम स्पष्ट झाला : बहुधा आधी एपीसी जनुक जाते, मग के-रास, मग अठराव्या गुणसूत्राचा तुकडा, मग सतराव्यावरचे पी-५३. हा क्रम पाठ्यपुस्तकांत बाणांच्या आकृतीने येतो आणि विद्यार्थी तो घोकतात. खुद्द व्होगेलस्टाइन आणि त्यांचे सहकारी फिअरन यांनी १९९० मध्ये म्हटले होते की क्रमापेक्षा साठा महत्त्वाचा. आकृतीने ते वाक्य गिळले.

एपीसीचा सदोष वारसा घेऊन जन्मलेल्या माणसाच्या आतड्यात ऐन तारुण्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप येतात. हा नूडसन यांचाच नमुना : एक आघात वारशाने, दुसरा जागोजागी योगायोगाने. मग दृष्टिपटलाची गाठ पहिल्या-दुसऱ्या वर्षी आणि या माणसाचा कर्करोग चाळिशीच्या आसपास का? कारण एपीसीच्या दोन्ही प्रती गेल्याने फक्त पॉलिप होतो. प्रत्येक पॉलिपला पुढचे तीन-चार बदल मिळवायचे असतात आणि त्यात दोन-तीन दशके जातात. शेकडो पॉलिप असले की त्यांतला एखादा तिथवर पोचतोच, म्हणून वेळीच आतडे काढून टाकतात. वयांतला फरक म्हणजे उरलेल्या टप्प्यांची मोजदाद.

असे असले तरी ‘दोन’ या आकड्याला फार चिकटून बसण्यात अर्थ नाही. दृष्टिपटलात रेटिनोमा नावाची सौम्य, न वाढणारी गाठ कधी कधी आढळते. तिच्या पेशींतही आरबीच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतात, असे २००८ साली दिसले. म्हणजे खऱ्या कर्करोगाला दोनापलीकडे आणखी काही लागते. नूडसन यांनी मोजले ते एकूण टप्पे नव्हते, सर्वांत जास्त वाट पाहायला लावणारे टप्पे होते; घाटातल्या अरुंद वळणांवरून रस्त्याची लांबी कळत नाही, खोळंबा कुठे होतो एवढेच कळते. दुसरा अपवाद २०१३ मध्ये पुढे आला. एका डोळ्याच्या रोगाच्या अगदी थोड्या मुलांमध्ये, दोन टक्क्यांहूनही कमी, आरबी पूर्णपणे शाबूत असते आणि मायसीएन नावाच्या जनुकाच्या मात्र कित्येक जास्तीच्या प्रती झालेल्या असतात. त्यांचे निदान पहिल्या काही महिन्यांतच होते. एका डोळ्याचा रोग आणि वय इतके लहान, ही जोडी नूडसन यांच्या आलेखात बसत नाही. म्हणूनच ती वेगळ्या यंत्रणेची आहे असा संशय यायला हवा. अपवादसुद्धा वयातूनच ओळखू येतो.

सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र निरोगी ऊतींकडून आली आहे. पीटर नोवेल यांनी १९७६ साली गाठीला उत्क्रांतीचे नियम लावले : एका पेशीचा वंश वाढतो, त्यात फाटे फुटतात, जो जास्त वेगाने वाढतो तो बाकीच्यांना मागे टाकतो. या चित्रात बदल झालेली पेशी म्हणजे कर्करोगाच्या वाटेवरचा प्रवासी. २०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत इन्यिगो मार्टिनकोरेना आणि सहकाऱ्यांनी पापण्यांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या, पूर्ण निरोगी त्वचेचे बारीक तुकडे वाचले. त्यातल्या सुमारे चौथाई पेशींत कर्करोगाशी जोडली जाणारी उत्परिवर्तने होती. २०१८ साली त्यांनी अन्ननलिका पाहिली. मध्यमवयीन माणसाच्या निरोगी अन्ननलिकेचा मोठा भाग नॉच-१ जनुक बिघडलेल्या पेशींनी व्यापलेला असतो, आणि हे प्रमाण अन्ननलिकेच्या कर्करोगातल्या त्याच बिघाडाच्या प्रमाणापेक्षा जास्त निघाले.

आघात मोजण्याच्या पद्धतीला हे पचवणे अवघड आहे. बदल झाला म्हणजे पेशी कर्करोगाकडे एक पाऊल सरकली, असे गृहीत धरूनच आर्मिटेज-डॉल यांचा सहावा घात आणि नूडसन यांची रेषा उभी आहे. इथे तर असा बदल दिसतो, जो पेशीला शेजाऱ्यांवर मात करायला मदत करतो, पण गाठ करत नाही. २०२१ मध्ये केंब्रिजच्याच एका गटाने उंदरांच्या अन्ननलिकेत रसायनाने अगदी सूक्ष्म गाठी निर्माण करून त्यांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या बहुतेक काही आठवड्यांत नाहीशा झाल्या. त्यांना हटवले होते ते आजूबाजूच्या, दिसायला निरोगी पण स्वतःही उत्परिवर्तने झालेल्या पेशींनी. त्या जास्त जोमाने पसरल्या आणि नवजात गाठींना पृष्ठभागावरून ढकलून मोकळ्या झाल्या. तेव्हा साठाव्या वर्षी झालेल्या कर्करोगाच्या त्या साठ वर्षांत काही काळ पुढच्या आघाताची वाट पाहण्यात गेलेला असतो, आणि काही काळ सुरू झालेल्या कितीतरी गाठी शेजाऱ्यांकडून हरण्यात. वयाच्या आलेखात हे दोन्ही एकाच वक्ररेषेत मिसळलेले असतात, आणि ते वेगळे कसे काढायचे यावर सध्या काम चालू आहे.